झेडपी की खासगी, आणि मास्तरांचा पगार: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर शिक्षक, बायको झेडपीच्या शाळेवर. त्यामुळं लग्नाच्या पंगतीत, बाजारात, पाहुण्यांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर, कुठंबी गेलं तरी तेच प्रश्न येतात आणि उत्तर अर्धं झालं की वाढपी येतो. म्हणून सगळे एकदाच इथं लिहून काढलेत. मी यातला एक पक्ष आहे, तेवढं धरूनच वाचा.

१. झेडपीची, अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित... सगळं डोक्यावरनं जातंय. सोप्यात सांगा की.

बोर्ड, गणवेश, बस हे काही बघू नका. एवढंच विचारा की इथल्या शिक्षकाचा पगार कोण देतं. झेडपी किंवा नगरपालिकेची शाळा असेल तर शाळाही त्यांची आणि पगारही सरकारी तिजोरीतनं. अनुदानित म्हणजे शाळा संस्थेची पण पगार सरकारचा, तो शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतनं थेट खात्यावर येतो. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित म्हणजे पगार एकतर संस्थेनं द्यायचा (म्हणजे बऱ्याचदा कुणीच द्यायचा नाही) नायतर सरकार त्यातला काही टक्के देणार, त्याचं रामायण प्रश्न ६ मध्ये आहे. आणि स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे २०१२ च्या कायद्यानं आलेल्या शाळा, यांना सरकार एक रुपया देत नाही आणि त्यांनी मागायचाही नाही, सगळं पालकांच्या फीवर. गावोगाव पिवळ्या बस फिरतात त्यातल्या बऱ्याच याच प्रकारातल्या.

लोक या शेवटच्या तिन्हींना "खासगी" म्हणतात आणि तिथंच वादाचा घोळ सुरू होतो.

२. मग रयतची शाळा सरकारी की खासगी?

रयत शिक्षण संस्था कायद्यानं खासगी, आणि त्यांच्या अनुदानित शाळांतले पगार सरकारी. पण हे उत्तर अपुरं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात संस्था काढली, १९२४ ला मुख्यालय साताऱ्याला आणलं. बोर्डिंगमधल्या पोरांना जेवायला घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. लोकांकडनं मूठ मूठ धान्य गोळा केलं. सरकार पोचत नव्हतं तिथं लोकांनी शाळा उभी केली आणि नंतर सरकारनं पगाराचा भार उचलला, हे आपल्याकडचं जुनं "खासगीकरण". आता जे चाललंय ते बरोबर उलटं आहे, सरकारी शाळा शेजारीच आहे तरी फी भरून दुसरीकडं जायचं. दोन्हीला एकच शब्द वापरला की भांडण मिटत नाही.

३. झेडपीच्या शिक्षकाला नक्की पगार किती? आमच्या इथं म्हणतात लाखभर मिळतो.

मिळतो, पण कुणाला ते बघा. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाची श्रेणी एस-१०, सुरुवातीचं मूळ वेतन २९,२००. त्यावर महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर १६,०६०, खेड्यातलं घरभाडं १० टक्के धरलं तर २,९२०, म्हणजे झाले साधारण ४८ हजार. त्यातनं पेन्शनचे १० टक्के (मूळ अधिक महागाईवर) म्हणजे साडेचार हजार जातात, व्यवसाय कर जातो, हातात ४३ हजारांच्या आसपास. आणि हेसुद्धा पहिल्या दिवसापासून नाही, आधी तीन वर्षं शिक्षणसेवक (प्रश्न ५).

दरवर्षी ३ टक्के वाढ, १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी (शिक्षक लोक याला अजून "चटोपाध्याय" म्हणतात), २४ वर्षांनी निवड श्रेणी. असं करत पंचवीस वर्षं काढलेल्या गुरुजींचा पगार लाखाच्या वर जातो. बुलेटवरनं येणारे तुमच्या गावातले ते गुरुजी रिटायरमेंटला आलेत, नव्या लागलेल्या पोराचा पगार तो नव्हे.

४. इंग्लिश मिडियमच्या मॅडम ८ हजारात दिवसभर राबतात, मग झेडपीवाल्यांना एवढा पगार कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याची स्वतःची सून नायतर बहीण त्या ८ हजारावर असते. मी उलटा प्रश्न विचारतो, तिला ८ हजारच का? डी.एड. बी.एड. झालेली पोरगी, चाळीस पोरांचा वर्ग, घरी वह्या तपासायला नेते, वर बसमध्ये पोरं सांभाळायची ड्युटी. तिला कमी मिळतं म्हणून दुसऱ्याचा कापा, हा न्याय कुठला? उसाला दर कमी मिळाला म्हणून द्राक्षवाल्याचा पण पाडा असं आपण तासगावात म्हणतो का?

बरं, कायदा तिच्या बाजूनं आहे हे तिला माहीतच नसतं. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी राज्य मंडळाच्या मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या शिक्षकाला, अनुदान असो नसो, ठरलेली वेतनश्रेणी दिलीय. कामावरनं काढलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं. होतं काय, की कागदावर पूर्ण पगार दिसतो, खात्यावर जमा पण होतो, आणि दोन दिवसांनी त्यातला मोठा भाग रोखीनं परत मागून घेतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

आणि हा वाद आत्ताचा पण नाही. १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं (फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि सावित्रीबाईंचं माहेर खंडाळ्यातलं नायगाव, म्हणजे दोन्हीकडनं आपलीच माणसं). त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं होतं, आणि शिक्षकाला महिना किमान १२ रुपये, मोठ्या गावात १५ ते २० रुपये द्या असंही होतं. शिक्षण आणि मास्तरांचा पगार हे दोन मुद्दे त्यांनी एकाच कागदावर मांडले.

५. शिक्षणसेवक म्हणजे काय? तो शिक्षक नसतो का?

शिक्षकच असतो, वर्ग तोच, पुस्तकं तीच, निवडणुकीचं काम पण तेच. फक्त पहिली तीन वर्षं पगाराच्या जागी मानधन. ही योजना २००० साली आली, तेव्हा प्राथमिकला महिना ३ हजार होते. पुढं ६ हजार झाले आणि तिथं दहाएक वर्षं अडकले, म्हणजे गवंड्याच्या हाताखालचा माणूस जास्त कमवायचा. २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार.

६. "२० टक्के", "४० टक्के", "टप्पा" हे शिक्षक काय बोलत असतात? आणि सारखे आझाद मैदानावर का बसतात?

ही माझी गोष्ट आहे, त्यामुळं जरा लांबणार.

साधारण २००१ पासून सरकारनं नवीन शाळांना परवानगी देताना "कायम विनाअनुदानित" असा शिक्का मारायला सुरुवात केली. संस्थांनी शाळा काढल्या, कारण गावाला हायस्कूल पाहिजेच होतं आणि पुढाऱ्याला संस्था पाहिजे होती. शिक्षक लागले या आशेवर की आज ना उद्या अनुदान येईल. २००९ ला आंदोलनांनंतर "कायम" हा शब्द काढला. शब्द गेला, पैसे आले नाहीत. मग मूल्यांकन झालं, याद्या झाल्या, त्रुटी निघाल्या, आणि २०१६ ला पहिले २० टक्के मिळाले. म्हणजे पूर्ण पगाराचा पाचवा हिस्सा सरकार देणार, बाकीचा संस्थेनं द्यावा असं कागदावर.

मी २००७ ला खानापूर तालुक्यात एका हायस्कूलवर लागलो, संस्थेचं नाव घेत नाही. पहिला पगार १,५००, तो पण तीन महिन्यांतनं एकदा. सकाळी शाळा, आणि ऑक्टोबरात छाटणी आली की दुपारनंतर दुसऱ्याच्या बागेत. पोरं बघायची, सर तुम्ही? मी म्हणायचो, आज विज्ञानाचं प्रॅक्टिकल आहे. नऊ वर्षांनी २० टक्के आले तेव्हा माझ्याबरोबर लागलेल्या दोघांनी कधीच शाळा सोडली होती, एकानं विट्यात मोबाईलचं दुकान टाकलं आणि खरं सांगतो, त्याचं बरं चाललंय. नंतर २० वरनं ४०, ४० वरनं ६० असे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला मुंबईला जाऊन पावसात बसायचं. घोषणा होते, जीआर निघत नाही, जीआर निघतो, निधीची तरतूद होत नाही. २०२५ च्या जुलैमधलं आंदोलन त्याचसाठी होतं.

७. जुनी पेन्शन, नवी पेन्शन, हा काय मामला?

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी, नंतरच्यांना अंशदायी, म्हणजे पगारातनं कापून बाजारात गुंतवलेली. मार्च २०२३ चा सात दिवसांचा संप यावरच होता.

अवघड केस अशी: माणूस २००५ च्या आधी लागलाय, पण त्याच्या शाळेला १०० टक्के अनुदान नंतर मिळालं. नोकरीची तारीख जुनी, अनुदानाची नवी. अशा लोकांना जुनी पेन्शन नाकारली गेली आणि त्यांच्या केसेस वर्षानुवर्षं कोर्टात चाललेल्या आहेत. तुम्ही यातले असाल तर नेमणुकीचा आदेश आणि पहिल्या मान्यतेचं पत्र जिवापाड जपून ठेवा.

८. अनुदानित संस्थेत लागायला डोनेशन द्यावं लागतं हे खरं का?

सगळीकडं नाही, पण "खरं का" असं विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं. शेत विकून भरलेले लोक मी बघितलेत. गंमत बघा, पगार सरकारचा आणि जागा विकणार संस्था.

हे थांबावं म्हणून २०१७ ला पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीची सरकारी ऑनलाइन यंत्रणा, आलं. त्याआधी मे २०१२ पासून भरती बंदच होती, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन झाल्याशिवाय नवीन भरायचे नाहीत म्हणून. आता अभियोग्यता चाचणीचे मार्क, त्यावरनं पोर्टलची यादी. झेडपीत मुलाखत नाही त्यामुळं तिथं खरंच गरिबाची पोरं मेरिटवर लागलीत, हे मान्य करायला पाहिजे. संस्थांना मात्र "मुलाखतीसह" असा पर्याय आहे, पोर्टल काही उमेदवार पाठवतं आणि त्यातला एक संस्था निवडते. फट कुठं आहे ते तुम्हीच समजा. आणि पोर्टलला वळसा घालणारे घालतातच, नागपूरला २०२५ मध्ये बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं तेव्हा सगळ्या राज्यानं बघितलं.

९. आमच्या वाडीच्या शाळेत ८ पोरं आहेत. शाळा बंद करणार का?

पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळ्याच्या डोंगरातनं हा प्रश्न येतो. आत्तापर्यंतचा इतिहास असा: २०१७ च्या शेवटी १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतं. २०२३ ला २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून "समूह शाळा" करायचे प्रस्ताव मागवले, पुण्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ यांचं उदाहरण देऊन. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (म्हणजे पटावरनं शाळेला किती शिक्षक ते ठरवायच्या) निकषांनी कमी पटाच्या शाळांमधली पदं आणखी धोक्यात आणली.

म्हणजे शाळा बंद केली असं कुणी म्हणत नाही. शिक्षक कमी होतो, मग पालक पोरं काढतात, मग पट कमी म्हणून आणखी एक शिक्षक जातो, आणि एक दिवस कुलूप लागतं.

कायदा काय सांगतो? पहिली ते पाचवीला घरापासून १ किलोमीटरात आणि सहावी ते आठवीला ३ किलोमीटरात शाळा पाहिजे. समूह शाळेला बस देऊ म्हणतात, पण कोयनेच्या बॅकवॉटरला बस काय पाण्यावरनं जाणार? जावळीतल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या, २०२२ ला मुंबई हायकोर्टानं त्याची स्वतःहून दखल घेतली. नकाशावर दोन गावांतलं अंतर पट्टीनं मोजणाऱ्याला तिथं एकदा पावसाळ्यात पाठवा.

करायचं काय: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव, दोन्ही लेखी, दोन्हीत वाटेतला ओढा, जंगल, घाट यांचा उल्लेख. समितीत ७५ टक्के पालकच असतात, पण बऱ्याच ठिकाणी सह्या घरी जाऊन घेतात आणि पालकाला आपण सदस्य आहोत हे पण माहीत नसतं.

१०. झेडपीचे मास्तर स्वतःची पोरं इंग्लिश मिडियमला घालतात. मग आम्ही विश्वास कसा ठेवायचा?

घालतात. सगळे नाही, पण बरेच. आमच्या घरात पण यावर महिनाभर भांडण झालं, शेवटी पोरगी बायकोच्याच शाळेत घातली, आणि ते तत्त्वासाठी कमी आणि ने-आण सोपी म्हणून जास्त. मला यात शिक्षकांचा बचाव करता येत नाही, त्यामुळं करत नाही.

११. पगार एवढा, मग गुरुजी वर्गात का नसतात?

दोन प्रकार आहेत, वेगळे करून बघा. एक, कामचुकार. असतात, गावाला नावानिशी माहीत असतात. दुसरा, दुसऱ्या कामाला लावलेले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. पण त्या "निवडणूक"मध्येच बीएलओचं, म्हणजे गावातली मतदार यादी सांभाळायचं, वर्षभराचं काम येतं. वरनं खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, आधार जुळवणी, फोटो अपलोड. दोन शिक्षकी शाळेत एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्याकडं पाच वर्ग. इंग्लिश मिडियमच्या मॅडमना (प्रश्न ४) पगार कमी आहे पण मतदार यादी घेऊन दारोदार फिरावं लागत नाही, हा फरक पण हिशोबात धरा.

१२. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्क्यांत खासगी शाळेत फुकट ॲडमिशन मिळतं ना?

मिळतं, लॉटरी लागली तर. विनाअनुदानित शाळेत, प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा. आर्थिक दुर्बलांना उत्पन्न १ लाखाच्या आत पाहिजे, वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. अल्पसंख्याक शाळांना हे लागू नाही.

फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं नियम बदलला होता, जवळ १ किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला २५ टक्क्यांतनं सूट. हायकोर्टानं मे मध्ये स्थगिती दिली आणि जुलै २०२४ ला तो बदल रद्दच केला, पुढं सुप्रीम कोर्टानंही तोच निकाल ठेवला. त्यामुळं "आमच्या शेजारी झेडपी आहे, आम्हाला लागू नाही" असं कुणी शाळावाला म्हणाला तर ऐकू नका.

त्यांची बाजू पण सांगतो: सरकारनं एका मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती ठरवलीय आणि ती वेळेवर येत नाही. मग वसुली "ॲक्टिव्हिटी फी" नावानं पालकाकडनं होते.

१३. दरवर्षी फी वाढवतात. काही करता येतं का?

येतं. २०११ च्या फी नियमन कायद्यानं एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही, आणि ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ठेवावी लागते. या समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, संस्थाचालकाचा मेहुणा नेमायचा नसतो. तक्रार न्यायची तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ टक्के पालक एकत्र पाहिजेत, आणि इथंच सगळं अडतं, कारण ग्रुपवर शंभर जण अंगठा दाखवतात आणि सहीला चौघं येतात.

१४. टीईटीमुळं जुन्या शिक्षकांच्या नोकऱ्या जाणार का?

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणं ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाच वर्षांपेक्षा कमी उरलीत त्यांना सूट, पण प्रमोशन पाहिजे तर त्यांनाही परीक्षा. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडं गेलाय. आमच्या स्टाफरूममध्ये सध्या पन्नाशीचे लोक बालमानसशास्त्राच्या नोट्स काढतायत.

१५. झेडपी शाळा कंपनीला "दत्तक" दिली म्हणजे विकली का?

विकली नाही. सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत देणगीदार पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळेच्या सोयीसुविधांचा भार उचलतो आणि शाळेच्या नावापुढं त्याला हवं ते नाव लागतं. शिक्षकांचा पगार आणि कारभार सरकारकडंच. म्हणजे प्रश्न १ मधली कसोटी लावली तर शाळा अजून सरकारीच. माझी हरकत वेगळी आहे: ज्या शाळेला खरंच छप्पर पाहिजे ती डोंगरात आहे, आणि पाटी लावायला देणगीदाराला हायवे लागतो.

१६. शेवटी सांगा, पोराला कुठं घालू?

प्रकार बघून नाही, शाळा बघून. कराडच्या नगरपालिका शाळा नंबर ३ मध्ये पालक प्रवेशासाठी धडपडतात, ती सरकारीच आहे. झेडपीच्या कितीतरी शाळांत सेमी इंग्रजी आहे. उलट चकाचक इमारतीत दर सहा महिन्यांनी मॅडम बदलणाऱ्या शाळा पण आहेत. शाळेत गेला की ऑफिसात बसू नका, शिपायाला नायतर खिचडीवाल्या मावशींना विचारा की तिसरीच्या वर्गाला गेल्या वर्षी कोण होतं आणि यंदा कोण आहे. पगार नियमित असेल तर शिक्षक टिकतो. जतकडं कन्नड माध्यमाच्या झेडपी शाळा आहेत, तिथं आणखी एक विचारा, आलेल्या शिक्षकाला कन्नड येतं का.

१७. फी थकलीय म्हणून इंग्लिश मिडियमवाले दाखला देत नाहीत. झेडपीत घालता येईल का?

येईल. आठवीपर्यंत दाखला नाही या कारणानं सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५. जुन्या शाळेनं दाखला लगेच द्यायचा असतो, फीचं भांडण वेगळं. अडतं ते ऑनलाइनला, कारण विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवर जुन्या शाळेनं नाव सोडावं लागतं आणि ते मुद्दाम सोडत नाहीत. तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तोवर जन्मदाखला घेऊन पोराला शाळेत नेऊन बसवा. पोर्टलवर नाव यायला महिना लागेल, खिचडी त्याच दिवशी दुपारी मिळते.